स्लॉथ, अस्वल आणि आपला आळस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड, पाटण, शिराळा, विटा, तासगाव या पट्ट्यातल्या शाळांत मी प्राण्यांची चित्रं दाखवत फिरतो. वाघ, गवा, शेकरू झाले की शेवटी स्लॉथचं चित्र लावतो. फांदीला उलटा लोंबणारा, तोंडावर कायमचं हसू असलेला हा प्राणी दिसला की मागच्या बाकावरून एक आवाज हमखास येतो, "सर, ह्यो तर आमचा अमका!" आणि ज्याचं नाव घेतलं तो पोरगा खाली मान घालतो. पुढचे प्रश्न त्या हशातूनच निघालेले. काही मुलांचे आहेत, काही त्यांच्या आयांचे, थोडे शिक्षकांचे.

स्लॉथ हा नेमका कोणता प्राणी?

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलात झाडावर राहणारा, पाला खाणारा सस्तन प्राणी. वजन साधारण चार ते आठ किलो, म्हणजे बोक्यापासून मध्यम कुत्र्यापर्यंत. माकडासारखा दिसत असला तरी माकडाशी त्याचा काही संबंध नाही. त्याचे खरे भाऊबंद म्हणजे मुंगीखाऊ आणि आर्माडिलो. हे सगळं घराणंच अमेरिकेचं. आपलं खवलेमांजर आर्माडिलोसारखं दिसतं म्हणून काही जण त्यालाही या घराण्यात बसवतात, पण ते वेगळ्याच कुळातलं.

स्लॉथच्या दोन जाती-गटांना 'दोनबोट्या' आणि 'तीनबोट्या' म्हणतात. बोटं मोजायची ती पुढच्या पायाची. मागच्या पायाला सगळ्यांनाच तीन असतात.

मराठीत याला काय म्हणतात?

स्लॉथच म्हणावं. जो प्राणी आपल्याकडे कधी नव्हताच, त्याला आपल्या आज्या-पणज्यांनी नाव कुठून ठेवायचं?

पण ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी अक्षरशः नावंच ठेवली. इंग्रजीत 'स्लॉथ' म्हणजे मुळात आळस, प्राण्याला ते नाव नंतर चिकटलं. स्पॅनिशमधल्या 'पेरेसोसो'चा अर्थ आळशी, पोर्तुगीज 'प्रेगिसा'चा अर्थ आळस, आणि जर्मनीत तर सरळ 'आळशी जनावर' असाच शब्द आहे. विज्ञानानंही सोडलं नाही. १७५८ मध्ये प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं तीनबोट्याला 'ब्रॅडिपस' म्हटलं, म्हणजे मंद पायांचा. दोनबोट्याचं 'कोलोपस' म्हणजे लंगड्या पायाचा.

ब्राझीलच्या तुपी लोकांनी मात्र त्याला नावं न ठेवता नाव दिलं. मादीची हाक ऐकली आणि तेच नाव केलं : आई. उच्चार आपल्या 'आई'सारखाच, आ आणि ई. शाळेत हे सांगितलं की वर्ग क्षणभर गप्प होतो, कारण पडद्यावरच्या चित्रात पोटाशी पिल्लू धरलेली मादी असते. योगायोग आहे, दुसरं काही नाही. तरी मला तो आवडतो.

चांदोलीत किंवा कोयनेत स्लॉथ दिसतो का? बोर्डावर तर 'स्लॉथ बेअर' लिहिलेलं असतं.

स्लॉथ दिसत नाही. स्लॉथ बेअर आहे, आणि ते म्हणजे आपलं नेहमीचं काळं अस्वल. हा घोळ दोनशे वर्षांहून जुना आहे.

१७९१ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं भारतातल्या अस्वलाची नोंद केली. लांबलचक वाकडी नखं आणि विचित्र दात पाहून त्यानं त्याला स्लॉथच्याच खात्यात टाकलं आणि नाव दिलं 'ब्रॅडिपस अर्सिनस', अस्वलासारखा स्लॉथ. पुढे हे अस्वलच आहे हे कळलं, शास्त्रीय नाव बदललं, पण बोलीतलं 'स्लॉथ' तसंच राहिलं. सातबाऱ्यावर एकदा चुकीचं नाव चढलं की ते काढायला काय लागतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

आता काही ठिकाणी या इंग्रजी नावाचं भाषांतर करून 'आळशी अस्वल' असं लिहिलेलं दिसतं. कृपा करून तसं लिहू नका. यात नुसती भाषेची चूक नाही, धोका आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या डोंगरी गावांत विचारा, अस्वल किती आळशी असतं ते. शंभर किलोच्या घरातलं हे जनावर धावायला लागलं तर माणसाला सहज गाठतं. त्याला दिसतं आणि ऐकू येतं बेताचं, त्यामुळे आपण जवळ जाईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग ते दचकतं आणि थेट अंगावर येतं. करवंदं-जांभळांच्या दिवसांत जाळीत शिरताना बोलत जावं, काठी आपटत जावं, एकट्यानं जाऊ नये, असं जुनी माणसं सांगतात ते म्हणूनच.

ती नखं वारुळं फोडण्यासाठी आहेत. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं आणि त्याचा आवाज लांबवर जातो. पिल्लं पाठीवर बसवून नेणारं हेच अस्वल. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या जंगलात ते आजही आहे. दिसलं तर आळशी समजून फोटो काढायला पुढे सरकू नका, एवढंच.

मग खरा स्लॉथ इतका हळू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर पोटात आहे.

पाला हे अतिशय निकस खाणं. त्यात ताकद कमी, चोथा जास्त, आणि बऱ्याच झाडांच्या पानांत ती खाऊ नयेत म्हणून कडू-विषारी द्रव्यं. आपली म्हैस वैरणीवर जगते ती दिवसभर ढीगभर खाऊन आणि रवंथ करून, पण ती जमिनीवर उभी असते. चारशे-पाचशे किलोचं अंग घेऊन तिला शेंड्यावरची डहाळी गाठायची नसते. झाडावर राहायचं तर अंग हलकं हवं, अंग हलकं तर पोट लहान, आणि लहान पोटात निकस पाला किती मावणार? आवक वाढवायची सोयच नाही. राहिला एकच मार्ग, खर्च कमी करायचा.

स्लॉथनं तो टोकापर्यंत नेला. त्याच्या पोटालाही म्हशीसारखे कप्पे आहेत, पण म्हैस दोन-तीन दिवसांत जे निपटते त्याला तो अनेक दिवस, कधी कधी काही आठवडे लावतो. अंगातले स्नायू त्याच्या आकाराच्या इतर प्राण्यांच्या मानानं जवळजवळ निम्मे. शरीर कायम सदतीस अंशांवर तापतं ठेवायचा खर्चही तो करत नाही. हवा गार झाली की अंग गार, ऊन आलं की शेंड्याला जाऊन ऊन खातो. फांदीला लटकायला त्याला जोर लावावा लागत नाही, नखांचा आकडा आणि पायातल्या शिरांची रचनाच अशी की तो टांगल्यासारखा राहतो. उलटं लोंबताना भरलेलं पोट फुप्फुसांवर पडू नये म्हणून आतडी-जठर खालच्या बरगड्यांना धाग्यांनी बांधलेली असतात. श्वास घेताना लागणारी ताकदसुद्धा त्यानं वाचवली!

तीनबोट्या स्लॉथला जंगलात दिवसभरात किती ऊर्जा लागते हे मोजलेलं आहे. चार किलोच्या प्राण्याला दीडशे किलोकॅलरीच्या आसपास. म्हणजे एक ज्वारीची भाकरी. बरोबर कालवण नाही, कांदा नाही. एवढ्यात त्याचं चढणं, उतरणं, खाणं, पिल्लू वाढवणं सगळं बसतं.

माणच्या किंवा जतच्या शाळेत हे सांगायला मला कमी शब्द लागतात. ज्या घरात टँकरचं पाणी भांडं-भांडं मोजून वापरलंय, तोंड धुतलेलं पाणी झाडाला घातलंय, तिथल्या मुलांना स्लॉथ लगेच समजतो. आटपाडीतला एक मुलगा म्हणाला, "म्हंजे त्यो आळशी न्हाय, त्यो काटकसरी हाय." मी तेव्हापासून हेच वाक्य पुढच्या शाळेत वापरतो, त्याचं नाव न घेता.

पण तो दिवसभर झोपतो ना?

पिंजऱ्यातला झोपायचा, जवळपास सोळा तास. त्यावरूनच बोभाटा झाला. मग २००८ मध्ये संशोधकांनी पनामाच्या जंगलातल्या मोकळ्या स्लॉथांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी मोजणारं छोटं यंत्र बसवलं. झोप निघाली साधारण साडेनऊ तास. म्हणजे सुट्टीतल्या कॉलेजच्या पोराएवढी. पिंजऱ्यात आयतं खायला मिळतं, शिकाऱ्याची भीती नाही, करायला काही नाही. तिथं कोण जागं राहील?

त्याचं अंग हिरवट का दिसतं? घाण असते का?

शेवाळ असतं. तीनबोट्याच्या केसांना आडव्या चिरा असतात, दोनबोट्याच्या केसांना उभ्या खाचा. पावसाचं पाणी त्यात धरून राहतं आणि हिरवं शेवाळ वाढतं. पावसाळ्यात महाबळेश्वरात कौलांवर, भिंतींवर जे होतं ते इथं अंगावर होतं. त्यामुळे खालून किंवा वरून पाहणाऱ्याला तो पानांचा झुबका वाटतो. याच केसांत एका खास जातीचे पतंगही राहतात, दुसरीकडे कुठे न राहणारे.

आठवड्यातून एकदाच संडासला जातो, हे खरं?

खरं. आणि हा प्रश्न आला की वर्ग हातचा जातो, तरी उत्तर मी सविस्तरच देतो, कारण स्लॉथच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं कोडं आहे.

आठवडाभर साठवून तो झाडावरून सावकाश खाली येतो, बुंध्याशी शेपटीनं उकरल्यासारखं करतो, मोकळा होतो आणि परत वर. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं एका बैठकीत जाऊ शकतं. आता पाहा, जो प्राणी श्वासाचीसुद्धा काटकसर करतो तो या कामासाठी एवढी चढउतार का करतो? वरूनच का सोडत नाही? जमिनीवर तो अगदी हतबल असतो, पोटावर सरपटत जातो. जग्वारसारख्या शिकाऱ्यांना तिथं आयतं सावज मिळतं.

एक मत असं की हे सगळं त्या पतंगांसाठी. पतंगाची मादी स्लॉथच्या ताज्या लेंड्यांत अंडी घालते, तिथं अळ्या वाढतात, पंख फुटले की वर उडून परत स्लॉथच्या केसांत शिरतात. पतंग मेले की त्यांच्यातून शेवाळाला खत मिळतं, आणि अंग चाटताना स्लॉथ ते शेवाळ खातो. थोडक्यात, अंगावरच परसबाग आणि बागेला खत. २०१४ मध्ये हे मांडलं गेलं तेव्हा सगळ्यांना फार आवडलं. दुसरं मत साधं आहे : बुंध्याशी ठेवलेला वास म्हणजे इतर स्लॉथांसाठी निरोप, 'मी इथं राहतो' किंवा 'मी इथं राहते'. सोबती शोधायचा तर मंद प्राण्याला ठरलेली जागा बरी. शास्त्रज्ञांचं यावर एकमत झालेलं नाही. मला विचाराल तर दुसरं मत जास्त पटतं. फक्त खतासाठी एवढा जीव धोक्यात कोण घालेल?

मान पूर्ण फिरते म्हणे?

तीनबोट्याची पाऊण फेरी, म्हणजे २७० अंश फिरते. माणूस, जिराफ, उंदीर, बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मानेत सात मणके. तीनबोट्यात आठ-नऊ, क्वचित दहा. दोनबोट्यात उलट पाच ते सात. अंग न हलवता आजूबाजूचा पाला दिसावा ही सोय, पुन्हा काटकसरच.

पोहता येतं का?

उत्तम. पुराचं पाणी जंगलात शिरलं की तो हात मारत एका झाडावरून दुसऱ्या झाडाला जातो, आणि जमिनीपेक्षा पाण्यात बराच वेगानं.

स्वतःचा हात फांदी समजून धरतो आणि पडतो, असा व्हिडिओ पाहिला होता.

ही थाप आहे. एवढा खुळा प्राणी लाखो वर्षं टिकला नसता.

इतका मंद असून तो टिकला तरी कसा?

हा प्रश्न अठराव्या शतकातल्या मोठ्या माणसांनाही पडला होता. फ्रान्सचा बुफाँ हा त्या काळचा नामवंत निसर्गअभ्यासक. त्यानं स्लॉथला प्राणिसृष्टीतलं सगळ्यात हीन रूप ठरवलं. आणखी एक दोष असता तर हा जगूच शकला नसता, असा त्याचा शेरा. बुफाँनं स्लॉथ त्याच्या जंगलात कधी पाहिला नव्हता. दुष्काळी गावाबद्दल मुंबईत बसून मत देणाऱ्यांची मला त्यावरून आठवण होते.

टिकण्याचं कारण तेच, जे हसण्याचं कारण आहे. हार्पी गरुड हा त्याचा मोठा शत्रू, आणि गरुड हालचाल टिपतो. हलतच नाही त्याला टिपणार कसा? हिरवं अंग, संथ चाल, आवाज नाही.

दुसरी बाजूही पाहा. या घराण्यात कधीकाळी राक्षसी स्लॉथ होते. १७८७ मध्ये अर्जेंटिनात लुहानजवळ एक प्रचंड सांगाडा मिळाला, तो जहाजानं माद्रिदला गेला, आणि १७९६ मध्ये क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं त्याला 'मेगाथेरियम' नाव दिलं. हत्तीएवढा जमिनीवरचा स्लॉथ, मागच्या पायांवर उभा राहून फांद्या ओढणारा. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हे धिप्पाड भाऊबंद संपले. बदलतं हवामान आणि माणसाची शिकार, दोन्हींचा त्यात हात मानला जातो. शेंड्यावरचे किरकोळ, मंद, भाकरीवर भागवणारे उरले.

आता त्यांच्यापुढचं संकट गरुडाचं नाही. जंगल तुटतं, दोन झाडांमध्ये रस्ता येतो, आणि फांदी समजून धरलेली वीजवाहक तार जीव घेते. पनामाजवळच्या एका छोट्या बेटावर बुटका स्लॉथ राहतो, तो वेगळी जात म्हणून नोंदला गेलाच मुळी २००१ मध्ये. साऱ्या जगात त्याचं तेवढं एकच बेट.

पाळता येईल का?

नाही. विचारूही नका. महाबळेश्वरची डिसेंबरची एक रात्र त्याला पुरे होईल : अंग गार पडलं की पोटातले पाला कुजवणारे जंतू मंदावतात, आणि भरल्या पोटी तो उपाशी राहतो. त्याच्या तोंडावरचं हसू ही चेहऱ्याची ठेवण आहे. घाबरलेला असतानाही तो तसाच दिसतो.

स्लॉथ आळशी नाही, तर मग आळस म्हणजे काय?

करता येत असून न करणं. स्लॉथला धावता येत असतं आणि तो धावला नसता, तर आळशी म्हणता आलं असतं. उन्हाळ्यात सांगलीच्या माई घाटावर उभं राहिलं तर कृष्णा हलते की नाही कळत नाही. तिला कोणी आळशी म्हणतं का?

मराठीनं या बाबतीत शब्दांची चंगळ केली आहे. टंगळमंगळ, चालढकल, अंगचोरपणा, कामचुकारपणा, ऐतखाऊपणा. प्रत्येकाची छटा वेगळी. अंगचोर कामावर येतो पण ओझ्याखाली खांदा देत नाही. चालढकल करणारा नाही म्हणत नाही, उद्या म्हणतो. 'ऐदी'ची कथा तर मजेशीर आहे. अकबराच्या पदरी 'अहदी' नावाचे शिपाई असत, कुठल्याही सरदाराच्या हाताखाली नसलेले, थेट बादशहाचे. बादशहानं बोलावलं तरच काम, एरवी बसून पगार. त्या अहदीचा आपल्याकडे ऐदी झाला.

आणि आपली भाषा आळस 'देते' हेही पाहा. सकाळी हातपाय ताणून आळस द्यायचा. म्हणजे आळस येतो, भरतो, झटकला जातो आणि दिलाही जातो. घेणारा कोण, ते काही कुणी सांगत नाही.

धर्मात आळसाला पाप मानलं आहे का?

ख्रिस्ती परंपरेत सात मोठ्या पापांत तो आहे, आणि तिथं मूळ अर्थ नुसता लोळणं नव्हता. चौथ्या शतकात वाळवंटात राहणाऱ्या साधूंना भर दुपारी प्रार्थनेचा, जगण्याचाच वीट यायचा, त्याला ते दुपारचा सैतान म्हणत. आपल्या षड्रिपूंत काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. आळस नाही! मोजून पाहा. पण भर्तृहरीनं त्याला माणसाच्या शरीरातच राहणारा मोठा शत्रू म्हटलं आहे, पतंजलीनं योगातल्या नऊ अडथळ्यांत घातलं, आणि गीतेत तो तमोगुणाच्या पदरात. सज्जनगडावरच्या समर्थांनी तर करंट्याची लक्षणं सांगताना पहिल्या झटक्यात आळस काढला. साताऱ्याच्या मुलानं घरी लोळायचं तर समोर सज्जनगड दिसतो, ही अडचण आहेच.

माझा मुलगा दिवसभर लोळतो. त्याला स्लॉथ म्हणू का?

हा प्रश्न आयांचा, कार्यक्रम संपल्यावर हळूच विचारलेला. म्हणू नका. आधी तीन गोष्टी पाहा.

तो तेरा ते अठरा वर्षांचा असेल तर त्याला आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं. त्याला उशिरा झोप येते ती सगळी मोबाइलमुळे नाही, मोबाइल त्यात भर घालतो. दुसरं, रक्त तपासा. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉइड मंद असेल तर माणूस सुस्त पडतो, त्याला दम लागतो, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. म्हणून मुलाचं रक्त तपासायला जाल तेव्हा स्वतःचंही तपासून घ्या. मुलाच्या आळसाबद्दल विचारणारी ती बाई पहाटे पाचपासून उभी असते आणि स्वतःला थकवा येतो याची लाज वाटते तिला, हे मी खूपदा पाहिलंय. तिसरं, आवडत्या गोष्टीतलंही मन उडालं असेल, जेवण-झोप बिघडली असेल आणि असं दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर ती उदासी असू शकते. तिथं ओरडून उपयोग नाही, डॉक्टर गाठावा.

हे सगळं ठीक असेल, मित्राची हाक आली की ताडकन उठत असेल आणि दळण आणायला सांगितलं की पोटात दुखत असेल, तर मग मात्र तो आळशी आहे. खुशाल ओरडा.

दुपारची वामकुक्षी हा आळस का?

पुण्याचं नाव होतं, झोपतो सगळा महाराष्ट्र. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार येतो, जेवण केलं नाही तरी येतो. वीसेक मिनिटं डोळा लागला तर पुढचं काम बरं होतं. त्याहून लांबली की उठल्यावर डोकं जड. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर थोडं कलंडणं. पंखा पाचवर ठेवून पाच वाजता उठणं याला तो शब्द नाही.

शाळेच्या प्रकल्पासाठी स्लॉथचं चित्र काढायचंय. काय चुकतं?

नेहमी चुकतं ते असं. केस पाठीवरून पोटाकडे काढतात. स्लॉथ उलटा लोंबतो, म्हणून त्याच्या केसांचा भांग पोटावर असतो आणि केस पाठीकडे उतरतात, पावसाचं पाणी निथळावं म्हणून. दोनबोट्याला शेपूट काढू नका. तीनबोट्याला आखूड, बोथट काढा, आणि डोळ्यांपासून मागे जाणारा काळा पट्टा विसरू नका. तीनबोट्या नराच्या पाठीवर पिवळसर-नारिंगी ठिपका आणि मधून काळी रेघ असते. तपकिरी रंगावर ओला हिरवा हात फिरवा. आणि फांदी आधी काढा, प्राणी नंतर, नाहीतर तो हवेत राहतो.